मासे वाचविण्यासाठी मासे मारावेत काय?



सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या सरकारने एक घोषणा केली. आपल्याकडे तिची कोणी फारशी दखल घेतली नाही. ॲरिझोना राज्यातील व्हाइट माउंटन नावाच्या डोंगराळ भागात ‘अपाचे ट्राउट’ हा पिवळसर सोनेरी मासा राहतो. संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. नामशेष झाला म्हणून नव्हे, तर सावरला म्हणून! हौसेने गळ टाकणारे लोक ज्या माशांच्या मागे असतात, त्यांपैकी असा सावरून यादीबाहेर पडलेला तो त्या देशातील पहिलाच मासा होय.

ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल, आणि चाखला तर त्याहूनही थोड्यांनी. मग मॉरिशसच्या मराठी पानावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम असे की, हा मासा वाचविण्यासाठी तेथे दुसरे मासे मारावे लागले. आणि ‘परदेशातून आलेल्याला हाकलून मूळच्याला जागा करून देणे’ ही गोष्ट आपल्या बेटावर कोणी उच्चारली की आपल्यासारख्यांचे कान टवकारतात. आपण कोठून आलो हे आपण विसरलेलो नाही. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घ्यावा असे आम्हांस वाटले.

अपाचे ट्राउट १९६७ साली यादीत गेला. पण सरकारच्या आधीच, विसाव्या शतकाच्या मध्याला, व्हाइट माउंटन अपाचे या तेथील आदिवासी जमातीने आपल्या ओढ्यांवर मासेमारी बंद केली होती. पूर्वी शेकडो मैलांच्या ओढ्यांत खेळणारा हा मासा तेव्हा जेमतेम तीस-एक मैलांत उरला होता. जमातीने आपले ओढे राखले नसते, तर पुढे शास्त्रज्ञांना वाचवायला मासाच शिल्लक राहिला नसता. सरकारी बातमीत अशा लोकांचा उल्लेख एका ओळीत येतो. आमच्या मते त्यांचे नाव पहिले यावयास हवे.

त्याचा घात कोणी केला? पाणी नासले, जंगले तुटली, गुरांनी काठ तुडविले, हे सर्व होतेच. पण मोठा घात केला तो त्याच्याच भाऊबंदांनी. युरोपातून आणलेला ब्राउन ट्राउट, पूर्व अमेरिकेतून आणलेला ब्रुक ट्राउट आणि पॅसिफिक किनाऱ्याकडचा रेनबो ट्राउट, हे तिघेही माणसांनी हौसेने आणून सोडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत रेल्वेच्या खास डब्यांतून मत्स्यबीज देशभर फिरविले जाई. डोंगरातल्या ओढ्यात चार मासे जास्त झाले तर बिघडले कोठे, असाच तेव्हाचा विचार. ब्राउन ट्राउट लहान माशांना खातो. ब्रुक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतो. वसंतात अंडी घालणाऱ्या स्थानिक माशांची पिल्ले पाण्यात येतात तेव्हा याची पिल्ले आधीच थोराड होऊन चांगल्या जागा धरून बसलेली असतात. रेनबोची तऱ्हा तर आणखीच वेगळी. तो भांडत नाही, सोयरीक करतो. त्याच्यापासून आणि स्थानिक ट्राउटपासून होणारी प्रजा वांझ नसते. ती पुढे वाढत जाते आणि काही पिढ्यांत ओढ्यात मूळचा शुद्ध मासा सापडेनासा होतो. मासे असतात, तो मासा नसतो.

या सगळ्याचा परिणाम किती दूरवर जातो हे पाहावयाचे असेल तर यलोस्टोन या १८७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाकडे पाहावे. तेथील मोठ्या सरोवरात ‘कटथ्रोट ट्राउट’ हा मूळचा मासा. हनुवटीखाली लाल रेघ असते म्हणून हे गळाकापू नाव. दर वसंतात तो सरोवरातून भोवतालच्या उथळ ओढ्यांत चढतो आणि अंडी घालतो. ओढा उथळ, मासा ठळक. मग अस्वले, पाणमांजरे, मत्स्यगरूड यांची चंगळ. वर्षानुवर्षे हे चालले होते.

१८९० साली त्याच उद्यानातील लुइस आणि शोशोन या दुसऱ्या दोन तळ्यांत ‘लेक ट्राउट’ हा मोठा मांसाहारी मासा सरकारनेच सोडला होता. तो तेथे शंभर वर्षे राहिला. १९९४ साली तो यलोस्टोन सरोवरात सापडला; कोणीतरी नेऊन सोडल्याशिवाय हे होणे कठीण. एक पूर्ण वाढलेला लेक ट्राउट वर्षाकाठी चाळीसच्या आसपास कटथ्रोट गिळतो, असा तेथील अभ्यासकांचा हिशेब आहे. क्लिअर क्रीक नावाच्या एका ओढ्यावर चढणाऱ्या माशांची मोजणी होत असे. १९७८ साली तेथे ७० हजारांहून अधिक कटथ्रोट चढले होते. २००७ साली ही संख्या पाचशेच्या घरात आली. मध्ये दुष्काळ आणि माशांना होणारा एक परजीवी रोग यांचाही हात होता, हे सांगितले पाहिजे; पण मुख्य आरोपी तोच.

आता कोणी म्हणेल, एक मासा गेला आणि दुसरा आला, मासा तो मासाच. येथेच गोम आहे. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो आणि अंडीही सरोवरातच घालतो. तो ओढ्यात येत नाही. म्हणजे अस्वलाच्या, पाणमांजराच्या, गरुडाच्या दृष्टीने सरोवर माशांनी भरलेले असले तरी ताट रिकामे. ओढ्यांवर येणारी अस्वले घटली, मत्स्यगरुडांची घरटी घटली, आणि अस्वलांनी एल्क नावाच्या हरणांची पाडसे मारण्याचे प्रमाण वाढविले असे संशोधकांना आढळले. म्हणजे पाण्यात सोडलेल्या एका माशाची किंमत रानातल्या हरणीने मोजली. वर्गात मुलांना ‘अन्नसाखळी’ शिकविताना आपण फळ्यावर गवत, टोळ, बेडूक, साप असे बाण काढतो. त्या बाणांपेक्षा हे उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते.

उपाय काय केला? जाळी टाकली. १९९४पासून सुरू झालेले हे काम पुढे धंदेवाईक मच्छीमारांना मक्त्याने देण्यात आले आणि आजवर ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढण्यात आले आहेत. बर्फ वितळला की होड्या निघतात, आणि थंडी येईपर्यंत जाळी रोज उचलली जातात. काही लेक ट्राउटच्या पोटात ध्वनी पाठविणारी लहान यंत्रे बसवून त्यांना मुद्दाम परत सोडतात. विणीच्या वेळी ते आपल्या जातभाईंकडे जातात आणि मच्छीमारांना पत्ता कळतो. घरभेद्या बिभीषणाची ही जलचर आवृत्ती! अंड्यांच्या जागी मेलेल्या माशांचे तुकडे टाकले की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि अंडी मरतात, अशीही युक्ती केली जाते. लेक ट्राउटची संख्या आता उतरणीला लागली आहे, आणि काही ओढ्यांत कटथ्रोट पुन्हा दिसू लागले आहेत. पण काम संपलेले नाही आणि संपेल असे कोणी म्हणतही नाही. पाच वर्षे जाळी बंद ठेवली तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

लहान नद्यांत आणि ओढ्यांत जाळी चालत नाहीत. तेथे पाठीवर बॅटरी घेऊन माणसे पाण्यात उतरतात, विजेच्या झटक्याने मासे क्षणभर गुंग करतात, परके वेचतात आणि मूळचे परत सोडतात. कष्टाचे काम, आणि दगडाखाली दोन जरी राहिले तरी पुढच्या काही वर्षांत पुन्हा दोनशे. म्हणून जेथे ओढा फार बिघडलेला असतो तेथे ‘रोटेनोन’ नावाचे औषध घालतात. ते काही झाडांच्या मुळांपासून मिळते. त्यामुळे माशाच्या शरीराला प्राणवायू वापरता येईनासा होतो आणि तो गुदमरतो. आपल्या कोकणातल्या पूर्वजांना ही कल्पना नवी वाटली नसती. गेळफळे ठेचून डोहात टाकायची आणि वर आलेले मासे टोपलीत भरायचे, ही रीत तिकडे होतीच. फरक इतकाच की हे लोक खाली ठरलेल्या जागी पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळे औषध, सोडून विषाचा प्रभाव तेथेच संपवितात.

यलोस्टोनच्या ईशान्य कोपऱ्यातील सोडा ब्यूट नावाच्या ओढ्यात २०१५ साली असेच केले. कित्येक वर्षे विजेच्या झटक्यांनी ब्रुक ट्राउट वेचून झाले होते, तरी ते हटत नव्हते. तेव्हा आधी शक्य तितके कटथ्रोट पकडून सुरक्षित पाण्यात ठेवले, मग औषध घातले, आणि पाणी निवळल्यावर ते मासे परत सोडले. पुढल्या वर्षी पुन्हा औषध घातले तेव्हा ब्रुक ट्राउट अगदी मोजके निघाले. खालून परके पुन्हा चढू नयेत म्हणून अशा ओढ्यांवर धबधब्यासारखा उंच बांध असावा लागतो. नसला तर बांधतात. आयडाहो राज्यात तर एक वेगळाच प्रयोग चालला आहे. ज्या नरांत नरत्वाचे गुणसूत्र दुहेरी असते असे ब्रुक ट्राउट हॅचरीत तयार करून ते ओढ्यात सोडतात. त्यांची संतती सारी नर. मादी जन्मतच नाही आणि काही पिढ्यांत वंश आपोआप खुंटतो. विष नाही, जाळे नाही. फक्त वाट पाहणे.

येथवर वाचून कोणास वाटेल की शास्त्रज्ञ म्हणतात ते सर्व ठीकच. तसे नाही. १९६२ साली वायोमिंग आणि युटा या राज्यांत ग्रीन नदीवर मोठे धरण होत होते. नव्या जलाशयात रेनबो ट्राउटची शिकार छान व्हावी म्हणून सुमारे ७०० किलोमीटर नदी आणि उपनद्यांत हेच रोटेनोन ओतण्यात आले. मारावयाचे होते ते तेथील मूळचे मासे! त्यांना तेव्हा ‘कचरा मासे’ म्हणत. औषधाचा प्रभाव संपविण्याचा बेतही फसला आणि विष खाली संरक्षित प्रदेशात गेले. त्या ‘कचरा’ माशांपैकी काही जाती आज अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहेत आणि त्यांच्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च होत आहेत. औषध तेच, बादली तीच, सरकार तेच. हेतू मात्र नेमका उलटा. तेव्हा कोणी ‘आता आम्हांला कळते’ असे म्हणाला की त्याला १९६२ सालची आठवण करून द्यावी, म्हणजे तो निदान दोनदा मोजील.

दुसरे असे की ‘परका’ हा काही माशाचा जन्मगुण नव्हे. पश्चिम अमेरिकेत खलनायक ठरलेला ब्रुक ट्राउट पूर्वेकडच्या ग्रेट स्मोकी पर्वतात मूळचा रहिवासी आहे, आणि तेथे त्याला वाचविण्यासाठी रेनबो ट्राउट काढावे लागतात. जो एका गावी घुसखोर, तोच दुसऱ्या गावी पिडलेला यजमान.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातच याचे उदाहरण आहे. १८३९ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील ‘खुद्री’ माशाची शास्त्रीय नोंद केली. हा महसीर जातीचा निळसर पंखांचा मासा. पुढे १९७०च्या दशकापासून लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास होऊ लागली. हेतू उत्तम होता. महसीर कमी होत चालला होता. त्याची पिल्ले देशभरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीत तिचा स्वतःचा कुबडधारी महसीर होता, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा, जगभरच्या गळवाल्यांना ठाऊक असलेला. पाहुणा वाढत गेला आणि यजमान दिसेनासा झाला. गंमत, किंवा दुःख, असे की त्या कुबडधारी माशाला नेमके शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते. २०१८ साली त्याची ओळख पटली आणि त्याच वर्षी त्याचे नाव अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदले गेले. बारसे आणि धोक्याची घंटा एकाच वेळी. आणि तेथे पाहुणा कोण, तर आपला पुणेकर!

आता आपल्या बेटाकडे येऊ. १८३४पासून शर्तीच्या मजुरीवर लोक येथे उतरले. त्यांत आपले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे पूर्वज होते. ‘मूळचे’ आणि ‘उपरे’ या शब्दांनी माणसांचे काय होते हे जगात अनेक ठिकाणी दिसते. म्हणून हे शब्द माशांसाठी वापरणाऱ्यांकडे आपल्यापैकी काहीजण संशयाने पाहतात. कोणी आमच्यासमोर म्हटलेही आहे की, आज परका मासा, उद्या परका माणूस. ही शंका पोकळ नाही आणि तिला हसण्यावारी नेणे आम्हांस मान्य नाही.

पण शंकेला उत्तर आहे. ओढ्यातला प्रश्न ‘कोठून आला’ हा नाही, ‘आल्यावर काय करतो’ हा आहे. या बेटावर माणूसच मुळात नव्हता. आपण सारेच बाहेरचे. ऊस बाहेरचा, आंबा बाहेरचा, गुरामी मासा अठराव्या शतकात फ्रेंचांनी आणलेला. त्यांतल्या कितीतरी गोष्टी येथे गुण्यागोविंदाने नांदल्या. काही नांदल्या नाहीत. आणि माणूस माणसाशी बोलू शकतो, कायदा करू शकतो, शेजाऱ्याला वाटा देऊ शकतो. लेक ट्राउटला कटथ्रोटशी तडजोड करता येत नाही. माशांचा न्याय माणसांना लावणारा आणि माणसांचा न्याय माशांना लावणारा, दोघांनाही आम्ही सारखेच दूर ठेवू.

राउंड आयलंडवर पूर्वी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी ते बेट खरवडून काढले होते. शेळ्या काढल्या, १९८६ साली ससेही काढले, आणि तेथील ताडमाड व सरडे सावरले. आमच्या केस्ट्रेल ससाण्याची १९७४ साली रानात फक्त चार पाखरे उरली होती. त्याला वाचविण्याच्या कामात बाहेरून आलेले उंदीर आणि मुंगूस धरणे हा मोठा भाग होता. चिनी पेरूचे म्हणाल, तर मीठमिरची लावून तो आपण सारेच खातो आणि आम्हीही त्याला अपवाद नाही. पण ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या रानात त्याची दाट रोपे मूळच्या झाडांच्या पिल्लांना ऊन मिळू देत नाहीत. म्हणून तेथे कुंपण घालून ती उपटतात. खावा तोही, उपटावा तोही. त्यात विसंगती नाही.

विसंगती दुसरीकडे आहे. २०१५ आणि २०१६ साली आपल्या देशात हजारो फळवटवाघळे मारण्यात आली. पहिल्याच खेपेला ३० हजारांहून अधिक. का, तर ती लिची आणि आंबे खातात. वटवाघूळ या बेटाचे मूळचे आणि लिची-आंबा बाहेरून आलेले. म्हणजे अमेरिकेत मूळच्या माशासाठी बाहेरचा मासा मारतात आणि येथे बाहेरच्या फळासाठी मूळचा प्राणी मारला. २०१८ साली त्याला जागतिक यादीत संकटग्रस्त ठरविण्यात आले. बागायतदाराचे नुकसान खरे असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु झाडावर जाळे घालणे हा उपाय उपलब्ध असता बंदूक आधी का, हा प्रश्न तेव्हा विचारणारे थोडे होते आणि मराठी घरांतून तर फारच थोडे.

तेव्हा मथळ्यातील प्रश्नाला आमचे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. मारावेत, पण मूळचा मासा अजून शिल्लक असेल तेथेच. बांध भक्कम असेल तेथेच. औषधाचा प्रभाव खाली संपविण्याची तयारी असेल तेव्हाच. आणि नदीकाठच्या लोकांना आधी विचारून, जसे अपाचे लोकांच्या ओढ्यांत त्यांच्यासह करण्यात आले. उपकाराच्या भावनेने नव्हे आणि शिकारीच्या हौसेने तर नव्हेच. ज्या प्राण्याला आणून सोडण्यात त्याचा काहीच दोष नाही त्याला मारावे लागते, ही गोष्ट करणाऱ्याने विसरू नये. मारलेले लेक ट्राउट सरोवराच्या खोल पाण्यात परत टाकतात, म्हणजे त्यांच्यातले पोषण तेथेच राहते. वाया जाऊ नये एवढी तरी काळजी.

आणि एक आपल्या घरातले. यलोस्टोनमध्ये ४० लाख मासे काढावे लागले त्याची सुरुवात कोणाच्या तरी एका बादलीने झाली. आपल्याकडे काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याची हौस वाढली आहे. मासे मोठे होतात, टाकी लहान पडते, मुले कंटाळतात, किंवा कुटुंब परदेशी निघते. मग ‘जिवंत आहे, मारायचा कसा’ म्हणून दयाळू आजी नातवाला घेऊन नदीवर जाते आणि मासा सोडून येते. आजीची दया आम्हांस वंद्य आहे. पण त्या पाण्यात आधीपासून राहणाऱ्या कोळंब्यांना आणि लहान माशांना त्या दयेचा वाटा मिळत नाही. कासवांचेही तसेच, टाकीतल्या पाणवनस्पतींचेही तसेच. दुकानदाराला विचारा, बरेचदा तो परत घेतो. शेजारी कोणाची मोठी टाकी असेल तर त्यांना द्या. तेही न जमले, तर मुलाबरोबर मासा शाळेत पाठवून पाहा. बहुतेक शिक्षक वर्गातल्या टाकीत जागा करतील, आणि पाणी बदलण्याची पाळी कोणाची यावरून मुलांत भांडणे होतील ती वेगळीच.